कप्तान हेन्री पिडिंग्टन आणि वादळाचा मध्यबिंदू

‘चक्रीवादळ’ हा शब्द आज कोकणात शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीसही ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे असे एक वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. परंतु वादळ येणार, अमुक दिवशी येणार, साधारण अमुक बाजूस येणार, ही वार्ता त्यापूर्वीच घरोघर पोहोचली होती व किनाऱ्यावरील हजारो माणसे सुरक्षित जागी हलविली गेली होती. ज्या इंग्रजी शब्दाचे हे मराठी रूप, तो ‘सायक्लोन’ हा शब्द सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात राहणाऱ्या एका माजी जहाज-कप्तानाने घडविला. शब्द जगभर गेला. हवामानशास्त्राच्या प्रत्येक इतिहासात त्या कप्तानाचे नाव आढळते. आपल्या शालेय पुस्तकांत मात्र ते क्वचितच दिसते, म्हणून त्याचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे.

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म ७ जानेवारी १७९७ रोजी इंग्लंडातील ससेक्स परगण्यात अकफील्ड या गावी झाला. समुद्राची नोकरी त्यांनी धरली, आणि हिंदुस्थान व चीन यांच्या व्यापारात फिरणाऱ्या जहाजांवर काम करीत ते कप्तानपदास चढले. ती सारी शिडांची जहाजे होती. वारा अनुकूल तर प्रवास, प्रतिकूल तर खोळंबा, आणि वारा खवळला तर मरण, अशी त्या काळच्या खलाशाची स्थिती असे. पुढे पिडिंग्टन यांनी समुद्र सोडला व बंगाल्यात कायमचे घर केले.

जमिनीवर आल्यावर या गृहस्थांनी जे उद्योग केले ते पाहिले म्हणजे मौज वाटते. हिंदुस्थानातील वनस्पतींची एक इंग्रजी सूची त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली. शेतजमिनीच्या मातीचे पृथक्करण केले. खनिजे तपासली, व आकाशातून पडलेल्या एका उल्केच्या दगडाचीही परीक्षा केली. कलकत्त्यातील भूगर्भविषयक संग्रहालयाचे ते व्यवस्थापक झाले, आणि पुढे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या तेथील दर्यावर्दी न्यायालयाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. विद्यापीठाची पदवी नाही, मोठे घराणे नाही. पण डोळे उघडे ठेवण्याची सवय होती. एवढ्या नाना विषयांत लक्ष घालणारा मनुष्य बहुधा कोणत्याच विषयात खोल जात नाही. पिडिंग्टन यांच्या बाबतीतही कदाचित तसेच झाले असते; परंतु १८३८ साली इंग्लंडात एक पुस्तक निघाले आणि त्यांच्या आयुष्यास एकच दिशा मिळाली.

ते पुस्तक विल्यम रीड नावाच्या एका लष्करी इंजिनिअराचे होते. १८३१ साली वेस्ट इंडीज बेटांपैकी बार्बेडोसवर भयंकर तुफान झाले. तेथील पडलेल्या इमारती पुन्हा उभारण्यासाठी रीड यांस पाठविण्यात आले, आणि इमारती बांधता बांधता त्या पाडणाऱ्या वाऱ्याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील विल्यम रेडफील्ड यांनी एक निबंध लिहिला होता. १८२१ च्या तुफानानंतर गावोगाव हिंडताना त्यांस दिसले होते की, एका मुलखातील उन्मळलेली झाडे एका दिशेस पडली आहेत, तर काही कोस पलीकडील झाडे नेमकी उलट दिशेस. एकाच वादळाने एकाच रात्री उलटसुलट झाडे पाडली, याचा अर्थ एवढाच की तो वारा सरळ वाहत नव्हता. एका मध्याभोवती गरगर फिरत होता आणि फिरत फिरतच पुढे सरकत होता. कारोमांडल किनाऱ्यावरील तुफाने म्हणजे प्रचंड वावटळीच होत, असे हिंदुस्थानात नोकरी केलेल्या जेम्स कॅपर यांनी १८०१ सालीच लिहून ठेविले होते. पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

रीड यांचे पुस्तक वाचून पिडिंग्टन यांच्या मनात आले की, हाच नियम बंगालच्या उपसागरास लागू पडतो की नाही ते पाहावे. पण पाहावे कसे? वादळाच्या मध्यभागी सापडलेल्या मनुष्यास स्वतःच्या जहाजापलीकडे काही दिसत नाही. आज आकाशातील उपग्रह सबंध वादळाचे चित्र एका दृष्टिक्षेपात दाखवितो. त्या काळी विमान नव्हते आणि हिंदुस्थानात तारायंत्रही नव्हते. एकच साधन होते, ते म्हणजे जहाजांची लॉगबुके. प्रत्येक जहाजावर एक दैनंदिनी असे, व तीत दर काही तासांनी वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, जहाजाची गती व ठिकाण, आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असला तर त्याचा पारा, इतके टिपून ठेवण्याचा रिवाज होता. प्रवास संपला की ही वही कचेरीच्या कपाटात पडे आणि वाळवीच्या स्वाधीन होई.

१८३९ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात एक मोठे वादळ झाले. त्यात सापडून कलकत्त्यास पोहोचलेल्या जहाजांची लॉगबुके पिडिंग्टन यांनी मिळविली. समुद्राचा नकाशा पुढे घेतला, अमुक दिवशी दुपारी अमुक जहाज कोठे होते तेथे खूण केली, आणि त्या जहाजास वारा कोणीकडून लागत होता तो बाण काढला. दुसऱ्या जहाजाचे तसेच, तिसऱ्याचे तसेच. एकेका बाणात काहीच अर्थ नव्हता; पण सर्व बाण एका कागदावर आले तेव्हा त्यांचे वर्तुळ झाले. वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट होती आणि वर्तुळाच्या मध्यभागी शांत जागा होती. या शोधावर त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदरास वादळाने झोडपले. त्यावर दुसरा निबंध झाला. असे करीत पुढील पंधरा-सोळा वर्षांत वीसहून अधिक निबंध त्यांनी लिहिले. बंगालचा उपसागर, अंदमानचा समुद्र, चिनी समुद्र, मॉरिशसच्या आसपासचे पाणी, जेथून जेथून वही मिळे तेथील वादळ ते कागदावर उतरवीत.

यात केवढे कष्ट होते याची कल्पना सहज येणार नाही. वादळात सापडलेल्या कप्तानास सूर्य दिसत नाही, त्यामुळे आपण कोठे आहो हे त्यालाच नीट ठाऊक नसते. कोणाची वही अर्धी भिजलेली, तर कोणी भीतीने वारा दुप्पट लिहिलेला. अशा साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी पडताळून खरे काय ते काढावयाचे होते. एखादा न्यायाधीश जसा साक्षी तोलतो तसे हे काम होते, आणि पुढे दर्यावर्दी न्यायालयात बसणाऱ्या या गृहस्थांस ते साधले, यात नवल नाही.

त्यांच्या हाती आलेल्या वह्यांपैकी ‘चार्ल्स हेडल’ नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची वही सर्वांत विलक्षण. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ हे जहाज तुफानात सापडले. कप्तानाने त्या काळच्या समजुतीप्रमाणे वाऱ्याकडे पाठ केली व वारा नेईल तिकडे पळत सुटला. दिवस गेला, रात्र गेली, जहाज भरधाव धावतच होते. सुमारे पाच दिवस हा प्रकार चालला. पिडिंग्टन यांनी ती वही नकाशावर उतरविली तेव्हा दिसून आले की, बिचारे जहाज तेलाच्या घाण्यास जुंपलेल्या बैलाप्रमाणे वादळाच्या मध्याभोवती पाच वेळा फिरले होते! शेकडो मैल धावून ते मूळ ठिकाणापासून त्या मानाने थोडेसेच दूर गेले होते. वादळ चक्राकार असते याविषयी ज्यांस अजून शंका होती त्यांस याहून स्पष्ट पुरावा कोणता देणार?

आता या ज्ञानाचा खलाशास उपयोग काय, ते पाहू. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात, म्हणजे आपल्या अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरातही, अशा वादळात वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. दक्षिण गोलार्धात काट्यांप्रमाणे फिरतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याचा हा परिणाम होय, आणि त्यामुळेच विषुववृत्ताच्या अगदी लगत अशी वादळे जवळजवळ होतच नाहीत. आता समजा, आपण बंगालच्या उपसागरात जहाजावर उभे आहो. वाऱ्याकडे तोंड करावे आणि उजवा हात बाजूस सरळ पसरावा. वादळाचा मध्य त्या हाताच्या रोखाने आहे! वारा दक्षिणेकडून येत असेल तर मध्य पश्चिमेस. उत्तरेकडून येत असेल तर पूर्वेस. इतका हा सोपा नियम आहे. पारा उतरत आहे आणि वाऱ्याची दिशा मात्र बदलत नाही, असे दिसले तर समजावे की वादळ आपल्याच अंगावर चालून येत आहे.

यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. वादळ ज्या दिशेने सरकत असते तिकडे तोंड केले असता त्याची उजवी बाजू जहाजास अधिक घातक ठरते, कारण तेथील वारा जहाजास ढकलीत ढकलीत वादळाच्याच वाटेवर आणून सोडतो. डाव्या बाजूचा वारा त्यास मागे लोटून देतो. मात्र हे सारे दक्षिण गोलार्धात उलट होते. तेव्हा आपण कोणत्या बाजूस आहो हे ज्या कप्तानास वेळेवर कळले तो मार्ग बदलून निसटू शकतो. ज्यास कळले नाही तो जिवावर उदार होऊन ज्या दिशेस पळतो, तीच नेमकी मृत्यूची दिशा असण्याचा संभव असतो. आणि मध्यभागी आल्यावर एकाएकी वारा पडतो, डोक्यावर निळे आकाशही दिसते, वादळ सरले असे वाटून माणसे निर्धास्त होतात. तोच उलट दिशेने पूर्वीइतकाच प्रचंड वारा आदळतो. कित्येक जहाजे या दुसऱ्या तडाख्यातच बुडाली.

हा नियम विद्वानांच्या सभेत वाचून दाखविणे निराळे, आणि पाण्याने निथळणाऱ्या, तीन रात्री न झोपलेल्या कप्तानास तो त्या क्षणी आठवणे निराळे. पिडिंग्टन स्वतः जहाजावर राहिलेले असल्यामुळे त्यांस हे पुरते ठाऊक होते. माझ्या मते त्यांच्या थोरवीचे रहस्य शोधात जितके आहे त्याहून अधिक या जाणिवेत आहे. त्यांनी १८४८ साली खलाशांसाठी एक पुस्तक काढले व त्यास ‘हॉर्नबुक’ असे नाव दिले. जुन्या काळी इंग्लंडात मुलांस मुळाक्षरे शिकविताना लाकडी फळीवर अक्षरांचा कागद चिकटवीत आणि तो फाटू नये म्हणून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवीत. त्यास हॉर्नबुक म्हणत. आपल्याकडे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, तिच्यासारखेच ते बालकांचे साधन. म्हणजे पिडिंग्टन यांचे पुस्तक ही खलाशांची धूळपाटीच होय.

नावात कोटीही होती, कारण पुस्तकाबरोबर खरोखरच शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या दिलेल्या असत. एकीवर उत्तर गोलार्धातील वादळाची वर्तुळे व वाऱ्याचे बाण, दुसरीवर दक्षिण गोलार्धातील. कप्तानाने आपल्या जहाजाच्या जागी नकाशावर चकती ठेवावी, जहाजास लागणारा वारा व चकतीवरील बाण जुळेतोपर्यंत ती सरकवावी, की चकतीचा मध्य जेथे येईल तेथे वादळाचा मध्य. काही तासांनी वारा बदलला की पुन्हा ठेवून पाहावी. दोन मध्यबिंदू जोडले म्हणजे वादळ कोणीकडे चालले आहे तेही कळे. हिशेब नको, गणित नको. कागद भिजला असता फाटतो, काच पडली असता फुटते, आणि शिंगास पाण्याचे भय नाही. पुढे साध्या खलाशांकरिता त्यांनी संवादरूपाने एक लहान पुस्तकही लिहिले.

याच १८४८ च्या पुस्तकात त्यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द सुचविला. तोपर्यंत वादळांस गेल, स्टॉर्म, हरिकेन, टायफून अशी नाना नावे होती, आणि त्यांपैकी कोणत्या शब्दाने सरळ वारा सांगितला जात आहे व कोणत्याने फिरता, याचा पत्ता लागत नसे. पिडिंग्टन यांनी ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक शब्द घेतला. सापाचे वेटोळे असाही त्याचा अर्थ त्यांच्या मनात होता. या निवडीत सावधपणा होता. वारा अगदी पूर्ण वर्तुळात फिरतो असे ते छातीठोकपणे सांगू इच्छीत नव्हते. वेटोळे आतल्या बाजूस वळत जाणारेही असू शकते. मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम यांनी पुढे दाखवून दिले की वारा खरोखरच आत वळत जातो, आणि त्यामुळे वादळाचा मध्य पसरलेल्या उजव्या हाताच्या अगदी रोखाने नसून किंचित मागे असतो. नियमात दुरुस्ती झाली. शब्द मात्र बदलावा लागला नाही. आणि गंमत अशी की, ज्या ग्रीक शब्दावरून सायक्लोन आला तो आणि आपला संस्कृत ‘चक्र’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. तेव्हा ‘चक्रीवादळ’ म्हणताना मराठी माणूस परक्याचे भाषांतर करीत नाही, घरचाच शब्द वापरतो.

येथवर समुद्रावरील गोष्ट झाली. परंतु पिडिंग्टन यांच्या वह्यांत आणखी एक वैरी दडलेला होता, आणि तो जमिनीवरील माणसांचा वैरी होता. १८४४ च्या नोव्हेंबरात ‘ब्रिटन’ व ‘रनीमीड’ ही गोऱ्या शिपायांस घेऊन कलकत्त्यास निघालेली दोन जहाजे अंदमानच्या समुद्रात एकाच वादळात सापडली. एक सिडनीहून निघालेले, दुसरे पेनांगवरून येणारे. एकास दुसऱ्याची वार्ता नाही. रात्री समुद्र एकाएकी फुगला, व त्याने ही दोन्ही अजस्र जहाजे खडकांवरून उचलून किनाऱ्यावर नेऊन टाकली. त्यांपैकी ‘ब्रिटन’ तर थेट खारफुटीच्या झाडीत जाऊन बसले. सकाळ होते तो काय, एकाच बेटाच्या किनाऱ्यावर दोन जहाजे, आणि शेकडो माणसे बहुतेक सर्व जिवंत! ही हकीकत तपासताना पिडिंग्टन यांचे लक्ष वाऱ्याकडून पाण्याकडे वळले. इतकी जड जहाजे उचलणारे पाणी वस्तीवर आले तर काय होईल? कोरिंगा बंदरात १७८९ च्या डिसेंबरात असेच झाले होते. एकामागून एक आलेल्या तीन लाटांनी गाव धुऊन नेले व हजारो माणसे मेली, ही हकीकत त्यांनी आपल्या पुस्तकात नमूद केली.

या लाटेचे कारण आज आपणांस नीट ठाऊक आहे. मध्यभागी हवेचा दाब कमी असल्यामुळे समुद्र तेथे थोडा वर येतो. पारा एक इंच उतरला तर पाणी सुमारे एक फूट चढते. पण ते थोडके होय. खरे काम वारा करतो. तो शेकडो मैलांवरून पाणी ढकलीत आणतो, आणि पुढे किनारा उथळ असला व दोन्ही बाजूंनी निमुळता होत गेला असला की त्या पाण्यास जावयास जागा उरत नाही. बंगालच्या उपसागराचे वरचे टोक नेमके असेच आहे, जणू नरसाळेच. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भर पडली तर बोलावयासच नको.

आता १८५३ सालाकडे येऊ. कलकत्ता हे त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानच्या राजधानीचे शहर. पण हुगळी नदी गाळाने भरत चालली आहे, मोठी जहाजे पुढे येऊ शकणार नाहीत, अशी भीती व्यापाऱ्यांस वाटू लागली. म्हणून कलकत्त्याच्या आग्नेयीस सुंदरबनच्या काठी, मातला नदीवर, नवे बंदर वसवावे असा विचार निघाला. मातला हे नावच बोलके आहे. मराठीत आपण ‘मातणे’ म्हणतो, बंगालीत ‘माताल’ म्हणजे धुंद झालेला. परंतु नकाशावर ती नदी मोठी सुंदर दिसते: रुंद, खोल, थेट समुद्रास मिळणारी. इंजिनिअरांस ती खोली दिसली. पिडिंग्टन यांस दिसले की, ज्या रुंद तोंडातून जहाजे येतील त्याच तोंडातून वादळाची लाटही येईल.

त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांस उद्देशून एक पत्र लिहिले व ते छापून प्रसिद्ध केले. वादळाच्या लाटा काय करतात याचे दाखले त्यात होते, आणि पुढे स्पष्ट इशारा होता की, येथे नगर वसविले तर एक ना एक दिवस खाऱ्या पाण्याचा लोंढा त्यावर चालून येईल, व पाच ते पंधरा फूट पाण्याखाली ते बुडेल. पन्नाशी उलटलेला एक माजी कप्तान, संग्रहालयाची नोकरी करणारा, साम्राज्याच्या अधिपतीस सांगत होता की आपला बेत धोक्याचा आहे. पत्राचा उपयोग झाला नाही. जागा ठरली, काम पुढे गेले. हा प्रश्न अद्याप हवेतच असता ७ एप्रिल १८५८ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पिडिंग्टन कलकत्त्यास मरण पावले.

नव्या बंदरास, डलहौसींच्या मागून आलेल्या गव्हर्नर जनरलांवरून, पोर्ट कॅनिंग असे नाव पडले. कलकत्त्याहून तेथवर रेल्वे नेली. धक्के बांधले, मालाची कोठारे बांधली, हॉटेल बांधले. कंपनी निघाली, आणि शेअरांच्या वेडाचे ते दिवस असल्यामुळे तिचे शेअर भलत्याच भावास चढले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसात गबर झालेल्या मुंबईकरांचाही पैसा त्यात गुंतला होता. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी खुद्द कलकत्त्यावर महाभयंकर चक्रीवादळ आले. हुगळीतून लाट वर चढली, बंदरातील जहाजे एकमेकांवर आदळून फुटली, आणि नदीकाठच्या गावांत हजारो माणसे प्राणांस मुकली. इतके होऊनही मातलाकाठचे काम थांबले नाही.

पिडिंग्टन यांच्या मृत्यूस साडेनऊ वर्षे झाली होती. १ नोव्हेंबर १८६७ रोजी चक्रीवादळ पोर्ट कॅनिंगवर आले. मातलातून सुमारे सहा फूट उंचीची लाट गावावरून गेली. स्टेशन, कोठारे, हॉटेल यांची धूळधाण झाली आणि धक्क्याचा मोठा भाग वाहून गेला. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते बंदर केवळ लाटेने मेले असे म्हणणे बरोबर नाही. हुगळी भीती होती तितकी बिघडली नाही, जहाजे मातलात येण्यास नाखूषच राहिली, आणि व्यापार जमेना. मरणोन्मुख झालेल्या त्या बेतावर वादळाने शेवटचा घाव घातला एवढेच. थोड्याच वर्षांत बंदर सोडून देण्यात आले. मातलाही तेथे पुढे गाळाने इतकी भरली की ज्या खोलीसाठी जागा निवडली होती ती खोलीच उरली नाही. सियालदह स्टेशनावरून कॅनिंगची गाडी मात्र अजून सुटते, आणि सुंदरबनात जाणारे लोक तेथे उतरतात.

१८६४ च्या संहाराने सरकारास जाग आली. पुढच्याच वर्षापासून कलकत्ता बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि त्यापुढे पडलेल्या दुष्काळांचीही भर पडून १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. एव्हाना तारायंत्र आले होते. पिडिंग्टन यांस वादळ होऊन गेल्यावर वह्या गोळा कराव्या लागत. आता एका ठिकाणचा वारा व पारा त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी कळू लागला, म्हणजे जे काम शवपरीक्षेचे होते ते नाडीपरीक्षेचे झाले. आजही कोकणच्या बंदरात धोक्याचा बावटा चढतो व कोळी आपल्या होड्या ओढून घेतात, त्याची परंपरा त्या काळापर्यंत मागे जाते. वादळाचा वेध घेण्यास आता उपग्रह व रडार आहेत, आणि ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविले होते त्याप्रमाणे हिंदी महासागराच्या उत्तरेकडील देश वादळांस आळीपाळीने नावेही देतात.

मातलात जे झाले ते मात्र बंगालच्या उपसागरात त्यापुढेही वारंवार घडले. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री गंगेच्या मुखाशी आलेल्या लाटेत किमान तीन लाख माणसे मेली असे मानतात. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात सुमारे दहा हजार गेली. त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलीन’ हे तसेच प्रबळ वादळ आले, तेव्हा लक्षावधी लोकांस आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. चौदा वर्षांत समुद्र सौम्य झाला नव्हता. या खेपेस निरोप वेळेवर पोहोचला आणि लोकांनी तो ऐकला.

शिंगाच्या त्या चकत्या आता जुन्या ग्रंथसंग्रहांतच पाहावयास मिळतात. वाऱ्याकडे तोंड करून उजवीकडे मध्य शोधण्याचा नियम मात्र नौकानयनाच्या विद्यार्थ्यांस अद्याप शिकवितात. फक्त तो आज बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, आणि या शास्त्रज्ञाने तो १८५७ साली, म्हणजे पिडिंग्टन यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, मांडला होता.